मोटर मूव्हरने कॅराव्हॅन गाडीला जोडताना: कोणती पकड कधी सोडायची

मोटर मूव्हर (चाकं रोलरने फिरवणारी विजेची यंत्रणा) बसवला की दीड टनाची कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, रिमोटच्या बटणावर इंच-इंच सरकते. गाडी पुन्हापुन्हा मागे घेऊन तिच्यामागचा बॉल नेमका कपलिंगखाली, म्हणजे कॅराव्हॅनच्या नाकावरच्या जोडाखाली, आणण्याची कसरत संपते. गाडी जागेवर उभी राहते आणि कॅराव्हॅन तिच्याकडे चालत येते. मात्र जोडणीच्या त्या दहा-पंधरा मिनिटांत कॅराव्हॅनला धरून ठेवणारी गोष्ट दोनदा बदलते. आधी तिचा हँडब्रेक, मग मूव्हरचे रोलर, शेवटी गाडीचा टो-बॉल. नवी पकड पक्की झाल्याशिवाय जुनी सोडायची नाही. पुढचा सगळा क्रम या एका नियमावर बेतलेला आहे. एखादी पायरी विसरलात तर थांबून स्वतःला विचारा: आत्ता हिला कोण धरून आहे? उत्तर देता आलं नाही तर पुढे जाऊ नका.

हलवण्याआधी

चारही कोपऱ्यांचे टेकू, म्हणजे कॉर्नर स्टेडी, पूर्ण वर घ्या. एखादा खाली राहिला तर मूव्हर त्याला सरळ फरफटत नेतो. मूव्हरमध्ये तेवढी ताकद असते आणि रिमोट धरणाऱ्याच्या हाताला काहीच जाणवत नाही; टेकू वाकल्यावरच कळतं. बाहेरच्या विजेची केबल काढा, पाण्याची आणि सांडपाण्याची भांडी बाजूला करा, पायरी आत ठेवा, खिडक्या आणि छताचे झरोके बंद करा, गॅस सिलिंडरच्या तोंडाशीच बंद करा. आत कोणीही बसलेलं नको. मुलं आणि पाळीव प्राणी नजरेच्या टप्प्यात पण लांब हवेत.

टायरमधली हवा तपासा. रोलर टायरवर दाबला जाऊनच चाक फिरवतो. हवा कमी असली तर तो हवा तसा दाबला जात नाही आणि घसरतो. दोन टायरमध्ये हवा कमीजास्त असली तर कॅराव्हॅन एका बाजूला ओढते आणि माणूस रिमोटला दोष देत बसतो. टायरच्या खाचांत अडकलेले खडे काढा, चिखल पुसा.

बॅटरीकडे जरा जास्त लक्ष द्यायला हवं, कारण मूव्हर अडतो तो अनेकदा तिच्यामुळे. मूव्हर १२ व्होल्टवर चालतो. सपाट जागी दोन्ही मोटरी मिळून साधारण २० ते ३५ अँपिअर ओढतात, पण चढावर, खड्ड्यात किंवा जागेवर वळताना हा आकडा १०० च्या वर जाऊ शकतो. आतला दिवा आणि पंप नीट चालवणारी जुनी बॅटरी एवढ्या झटक्याला मान टाकते. ओझ्याखाली व्होल्टेज १० च्या आसपास घसरला की कंट्रोल बॉक्स मूव्हर बंद करतो आणि कॅराव्हॅन वाटेत उभी राहते. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी बॅटरी भरून ठेवा. चार्जिंग काढून काही तास झाल्यावर मोजलेला व्होल्टेज १२.७ च्या जवळ असेल तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे अर्धीच. तेवढ्यावर चढ चढायला काढू नका. बाहेरची वीज जोडून मूव्हर चालेल असं काहींना वाटतं, पण कॅराव्हॅनमधला चार्जर मूव्हरला लागणाऱ्या करंटला पुरा पडत नाही. शिवाय त्या केबलसकट कॅराव्हॅन हलवणं धोक्याचं आहे.

गाडी आणि बॉल

गाडी शक्य तितक्या सपाट जागी, कॅराव्हॅन जिथून सरळ येणार आहे त्या रेषेत उभी करा आणि मध्ये दीड-दोन मीटर अंतर ठेवा. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये किंवा ऑटोमॅटिक असेल तर 'पी'मध्ये ठेवा, इंजिन बंद करा. यानंतर जोडणी होईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. दोन वाहनं एकाच वेळी हलली की मध्ये उभ्या असलेल्या माणसाला जागा उरत नाही.

टो-बार, म्हणजे बॉल धरणारा गाडीमागचा दांडा, काढता-घालता येणारा असेल तर तो पूर्ण बसलाय, त्याची खूण हिरवी दाखवतेय आणि किल्ली फिरवून काढली आहे, हे बघा. मग बॉल. ५० मिलिमीटरचा बॉल साध्या कपलिंगसाठी असेल तर त्यावर ग्रीसचा पातळ थर हवा. कपलिंगमध्ये घर्षणाच्या पट्ट्यांचा स्टॅबिलायझर असेल तर नेमकं उलट: बॉल कोरडा ठणठणीत हवा. ग्रीसचा एक थेंबही त्या पट्ट्यांना निकामी करतो, कारण कॅराव्हॅनची डोलणी रोखणारी पकड कोरड्या घर्षणातूनच येते. नव्या बॉलवरचा रंगही बारीक पॉलिश पेपरने घासून काढा, नाहीतर तो पट्ट्यांवर चढतो आणि वळताना किंचाळल्यासारखा आवाज येत राहतो. स्टॅबिलायझरवाल्या कपलिंगला बहुधा लांब मानेचा बॉल लागतो. आखूड मानेवर वळताना कपलिंग टो-बारला घासतं.

रोलर लावणं

या क्षणी कॅराव्हॅनला तिचा हँडब्रेक धरून आहे, तो तसाच ठेवा. आयसोलेटर स्विच, म्हणजे मूव्हरला बॅटरीशी जोडणारा मुख्य स्विच, सुरू करा, रोलर टायरवर घ्या. हाताने फिरवायचे असतील तर एकेका बाजूने, मोटरने येणारे असतील तर रिमोटवरून. मग गुडघ्यावर बसून दोन्ही चाकं बघा. रोलर टायरमध्ये किंचित रुतलेला दिसला पाहिजे, टायरचा पृष्ठभाग त्याच्याखाली दबलेला. एका बाजूच्या दांड्याने दोन्ही रोलर सरकवणाऱ्या मूव्हरमध्ये पलीकडची बाजू कमी दाबली गेल्याचं अनेकदा आढळतं, आणि हे फक्त पलीकडे जाऊन पाहिल्यावरच कळतं.

दोन्ही रोलर पक्के असले तरच हँडब्रेक सोडा. पूर्ण सोडा. अर्धवट ओढलेल्या हँडब्रेकवर मूव्हर चालवणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे: कॅराव्हॅन हलते, पण मोटरी तापतात, बॅटरी भराभर उतरते आणि शेवटी फ्यूज उडतो. मूठ खाली टेकेपर्यंत नेऊन हाताने दाबून बघा. आता कॅराव्हॅन रोलरच्या भरवशावर उभी आहे. बटण सोडलं की मोटर थांबते आणि रोलर चाकाला अडवून धरतो, म्हणून उतारावरही ती जागची हलत नाही.

रिमोटवर कॅराव्हॅनचं छोटं चित्र असतं. त्या चित्राचं नाक खऱ्या कॅराव्हॅनच्या नाकाच्या दिशेला करून रिमोट धरा. तुम्ही तिच्यासमोर तोंड करून उभे असाल तर रिमोट तुमच्या हातात उलटा दिसेल. तो तसाच बरोबर आहे. डाव्या-उजव्याची गफलत या एका सवयीने थांबते.

कॅराव्हॅन आणणं

मूव्हरचा वेग सेकंदाला साधारण १० ते १७ सेंटिमीटर, म्हणजे दोन मीटर यायला बारा ते वीस सेकंद. घाई करून तो वाढत नाही, त्यामुळे तुम्हीही घाई करू नका. एका आसाच्या कॅराव्हॅनला जागेवर वळवता येतं: एक चाक पुढे, दुसरं मागे. तेव्हा नाक एकीकडे गेलं की शेपूट दुसरीकडे जाते, आणि कुंपणाला धडकते ती बहुतेक वेळा शेपूटच, कारण सगळ्यांची नजर नाकावर असते. दोन आसांच्या कॅराव्हॅनला दोनच मोटरी असतील तर ती जागेवर वळत नाही, मोठा घेर घेते. तेवढी मोकळी जागा आधीच हेरून ठेवा.

उभं राहायची जागा कायम बाजूला, चाकांच्या थोडं पुढे, जिथून नाक आणि शेपूट दोन्ही दिसतात. गाडी आणि कॅराव्हॅनच्या मध्ये कधीही नाही. उतार असेल तर कॅराव्हॅनच्या खालच्या अंगालाही नाही.

जॉकी व्हील, म्हणजे नाकाखालचं छोटं चाक, याचा क्लॅम्प घट्ट आवळलेला हवा. कॅराव्हॅन आडवी समतल ठेवा, आणि कपलिंगचा खालचा ओठ बॉलच्या माथ्यापेक्षा ३ ते ५ सेंटिमीटर वर राहील एवढंच नाक उचला. बहुतेक गाड्यांवर भरलेल्या अवस्थेत बॉलचा मध्य जमिनीपासून ३५ ते ४२ सेंटिमीटरवर असतो, त्यामुळे जॉकी व्हील फार वर फिरवावं लागत नाही. त्याचा दांडा जितका जास्त बाहेर, तितका तो वाकण्याचा धोका जास्त. खडीवर किंवा मऊ मातीत चाक रुततं. तिथे फळ्या अंथरा आणि त्यांवरून न्या.

शेवटचा एक मीटर

इथे बहुतेकांचा वेळ जातो, आणि कारण हातात नसून जॉकी व्हीलमध्ये असतं. हे चाक बाजारातल्या ट्रॉलीच्या चाकासारखं आपल्या दांड्याच्या मागे ओढलं जातं. कॅराव्हॅन पुढे येत असताना ते मागे वळलेलं असतं. तुम्ही बॉलच्या जरा पुढे गेलात आणि पाच सेंटिमीटर मागे घेतलंत, की चाक अर्धी गिरकी घ्यायला लागतं, आणि ती गिरकी पूर्ण होईपर्यंत नाकाला बाजूला ढकलतं. पुन्हा पुढे आलात की ते परत फिरतं आणि नाक दुसरीकडे जातं. मग माणूस पुढे-मागे, पुढे-मागे करत राहतो आणि दर वेळी दोन सेंटिमीटरने चुकतो.

उपाय सोपा आहे. डावं-उजवं जे काही जुळवायचं ते बॉलपासून मीटरभर लांब असतानाच जुळवा. तिथून नाक सरळ पुढे आणा, म्हणजे चाक आपसूक मागे वळून स्थिर होतं आणि शेवटचा टप्पा सरळ होतो. चुकलात तर थोडंसं मागे घेऊ नका. पुरता अर्धा-पाऊण मीटर मागे घ्या आणि नव्याने सरळ या. वेळ यातच वाचतो.

शेवटच्या ३० सेंटिमीटरमध्ये बटण दाबून धरायचं नाही. टिचकी मारल्यासारखं दाबा, सोडा, बघा. सावकाश सुरू होणारे मूव्हर प्रत्येक टिचकीला सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर सरकतात; जुने मूव्हर एकदम धक्का देतात, त्यांच्याबरोबर अंतर आणखी जपून कापा. कपलिंगच्या मध्यावर आणि टो-बारच्या वर गाडीच्या मागच्या काचेवर चिकटपट्टीची एक-एक उभी रेघ मारली तर बाजूने नीट दिसलं नाही तरी बटण सोडून क्षणभर जागा बदलून रेघा जुळल्या का ते तपासता येतं. गाडीला मागचा कॅमेरा असेल तर दुसऱ्या माणसाला पडद्यासमोर बसवा. मात्र सूचना एकाच माणसाने द्यायच्या, आणि 'थांब' हा शब्द कोणीही म्हणाला तरी बटण सुटलं पाहिजे.

कपलिंगने बॉलला धडक देऊ नका. ढकलला गेला तर कपलिंगमागचा ओव्हररन दांडा (आत सरकला की कॅराव्हॅनचे ब्रेक लावणारा) आत जातो आणि ब्रेक लागू लागतात. मूव्हर मग स्वतःच्याच ब्रेकशी झगडतो.

खटका बसवणं

कपलिंग बॉलच्या बरोबर वर आलं की थांबा आणि कॅराव्हॅनचा हँडब्रेक ओढा. रोलर अजून लावलेलेच ठेवा. स्टॅबिलायझरची मूठ वर, कपलिंगची मूठ उघडी. आता जॉकी व्हील फिरवून नाक सावकाश खाली आणा. बॉल आत गेला की खटकन आवाज येतो, मूठ आपोआप खाली बसते आणि निर्देशक असेल तर तो हिरवा दाखवतो.

खटका बसला नाही तर मुठीवर पाय देऊ नका. कपलिंगच्या तोंडाची कड उतरती असते, त्यामुळे थोडी चूक ती स्वतः सावरते, पण त्यासाठी कॅराव्हॅनला काही मिलिमीटर पुढेमागे सरकायला वाव लागतो. रोलर आणि हँडब्रेक दोन्ही लागलेले असताना तो वाव नसतो, म्हणून बॉल कडेवरच अडून बसतो. नाक पुन्हा तीन-चार सेंटिमीटर उचला, हँडब्रेक सोडा, एक टिचकी पुढे किंवा मागे द्या, हँडब्रेक ओढा, पुन्हा खाली आणा. बॉलवर कुठे ताजा ओरखडा उमटलाय ते बघितलं की कोणत्या बाजूला टिचकी द्यायची ते कळतं: ओरखडा बॉलच्या कॅराव्हॅनकडच्या बाजूला असेल तर कॅराव्हॅन जास्त पुढे आली आहे.

आवाज आला, निर्देशक हिरवा झाला, तरी विश्वास ठेवू नका. जॉकी व्हील उलट फिरवून नाक वर उचला. कपलिंग खरंच बंद असेल तर गाडीचा मागचा भाग स्प्रिंगवरून दोन-तीन सेंटिमीटर वर येईल. कपलिंग बॉलवर नुसतं टेकलेलं असेल तर ते एकटंच सुटून वर येईल. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि ती कधीच वगळू नये. बॉलवर नुसतं टेकलेलं कपलिंग पहिल्या खड्ड्यापर्यंत नीट चालतं. तपासणी झाली की स्टॅबिलायझरची मूठ पूर्ण खाली दाबा.

रोलर सोडणं

आता बॉल धरून आहे आणि हँडब्रेकही लागलेला आहे, म्हणून रोलर सोडता येतात. सोडल्यावर पुन्हा गुडघ्यावर बसा. दोन्ही बाजूंना रोलर आणि टायर यांच्यात अंगठा आडवा जाईल इतकी, साधारण २० मिलिमीटर फट हवी. रोलर लागलेला ठेवून गाडी हाकली तर टायर सोलवटतो आणि मोटर जळते, आणि हे काही मिनिटांत होतं. मग आयसोलेटर बंद करा आणि रिमोट त्याच्या ठरलेल्या जागी ठेवा.

रोलर सुटत नसेल तर बहुधा कॅराव्हॅनचा भार त्यावर रेललेला असतो. चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, हँडब्रेक क्षणभर सोडून कॅराव्हॅनला विसावू द्या, पुन्हा ओढा. भार उतरला की रोलर सैल होतो. बॅटरीच मेली असेल तर मोटरने येणाऱ्या रोलरलाही हाताने मागे घेण्याची सोय असते, बहुतेक वेळा पान्याने फिरवायची. तो पाना कॅराव्हॅनमध्येच ठेवा आणि रोलर कुठून फिरवायचे ते घरी असताना एकदा बघून घ्या.

केबल, प्लग, दिवे

आधी ब्रेकअवे केबल. कॅराव्हॅन सुटलीच तर ही केबल तिचा हँडब्रेक ओढते आणि मग तुटते. कॅराव्हॅनला ओढून धरणं हे केबलचं काम नाही. टो-बारवर तिच्यासाठी कडी असेल तर तिथेच अडकवा. ती कपलिंगखालच्या कडीतून सरळ गेली पाहिजे, जॉकी व्हीलला किंवा दुसऱ्या कशाला वेढा नको, वळणावर ताण येऊ नये एवढी सैल पण जमिनीला न लागणारी. बॉलवर नुसती टाकलेली केबल कपलिंगबरोबरच निसटून जाते.

मग कॅराव्हॅनची वीज गाडीला जोडणारा प्लग. १३ पिनांचा असेल तर खाच जुळवून आत दाबा आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पूर्ण फिरवा. अर्धवट फिरवलेल्या प्लगवर दिवे लागतात पण फ्रीज किंवा चार्जिंग मिळत नाही. मूव्हर चालू असताना हा प्लग कधीही लावलेला नको.

जॉकी व्हील पूर्ण वर घ्या. त्याचा काटा वरच्या खाचेत बसला नाही तर धावताना ते आपोआप उलगडत खाली येतं, आणि आडवं राहिलं तर ब्रेकच्या दांड्याला अडतं. क्लॅम्प सैल करून दांडा वर ओढा, पुन्हा आवळा.

दिवे, इंडिकेटर, ब्रेकचे दिवे, आरसे बघा. नाकाचा टो-बॉलवर पडणारा भार भरलेल्या कॅराव्हॅनच्या वजनाच्या ५ ते ७ टक्के असावा, आणि गाडी, टो-बार व कपलिंग यांपैकी सर्वांत कमी मर्यादेच्या आत. मूव्हरचं स्वतःचं ३० ते ४० किलो वजनही कॅराव्हॅनमध्ये भरायच्या सामानातून वजा होतं, हे सामान भरताना ध्यानात असू द्या. ठोकळे लावले असतील तर काढा, आणि अगदी शेवटी, निघताना, हँडब्रेक सोडा.

सोडताना

मुक्कामी क्रम उलटा: हँडब्रेक, ठोकळे, प्लग आणि केबल काढणं, स्टॅबिलायझरची मूठ वर, जॉकी व्हील खाली घेऊन क्लॅम्प घट्ट, कपलिंगची मूठ उघडून नाक वर. रोलर मात्र कपलिंग सुटायच्या आधीच लावा. बॉल तणावाखाली असल्याने सुटत नसेल तर एक माणूस बाजूला उभा ठेवून गाडी सेंटिमीटरभर पुढे-मागे घ्या.

चढावर नाक वर करून कॅराव्हॅन उभी करायची असेल तर एक गोष्ट आधीच ठाऊक हवी. मागे घेताना ब्रेक आपोआप सैल होणाऱ्या व्यवस्थेमुळे, हँडब्रेक ओढलेला असला तरी कॅराव्हॅन वीतभर मागे सरकते आणि मगच ब्रेक पूर्ण धरतो. रोलर लावलेले असेपर्यंत हे दिसत नाही. रोलर सोडल्या क्षणी होतं. म्हणून चाकांच्या उताराकडच्या बाजूला ठोकळे घट्ट बसवा, हँडब्रेक सरळ उभा होईपर्यंत ओढा, आणि मगच रोलर सोडा. ठोकळ्यावर कॅराव्हॅन विसावली की टेकू खाली घ्या, आयसोलेटर बंद करा आणि बॅटरी चार्जिंगला लावा.